एकशे आठ शेअर

भालू मंगळवारी सकाळी आला आणि येताना डझनभर केळी घेऊन आला. माझा धाकटा भाऊ सांगलीहून इचलकरंजीला केळी घेऊन येतो म्हणजे त्याचं काहीतरी काम असतं, हे पंचावन्नाव्या वर्षी मला नव्यानं कळायचं नव्हतं. मी केळ्यांकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"दाजी कुठायत?" त्यानं विचारलं.

"शेडवर. दुसरीकडं कुठं असणार?"

"अजून जात्यात?"

"जातात की. न जाऊन कसं चालेल?"

आमचे हे यंत्रमागाच्या शेडवर जॉबर होते. म्हणजे माग लोकांचे, बिघडले की दुरुस्त करायचे यांनी. बारा तासांची पाळी, आणि वय एकसष्ट. सुताच्या धुळीनं छाती भरली होती. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, शेड सोडा. शेड सोडून खायचं काय, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. एक मुलगी, ती लग्न करून पुण्याला गेलेली. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, माझ्या डोक्यात एकच विचार होता, की या माणसाला घरी कसं बसवायचं. दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

चहा झाल्यावर भालूनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि कॉटवर उघडलं. जाड, पिवळट कागद, कडेनं वेलबुट्टी. वर ठळक अक्षरांत 'येरळाकाठ बँक लिमिटेड'.

"आप्पांच्या ट्रंकेत होते," तो म्हणाला. "शेअर आहेत बँकेचे. कुणाच्या नावावर आहेत बघ."

मी चष्मा लावला. कु. द्वारका नारायण तारळेकर.

ते नाव ओळखायला मला एक क्षण लागला. द्वारका म्हणजे मीच. लग्नात यांनी तांदळात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं आणि त्या दिवसापासून द्वारका संपली. आमच्याकडे तशीच पद्धत होती, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. आईसुद्धा दुसऱ्या दिवसापासून सुनंदा म्हणायला लागली. आप्पाही सुनंदाच म्हणायचे. तेहतीस वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मारली असती तरी मी मागं वळले नसते.

"हे कधी घेतले त्यांनी?"

"काय की. आप्पा कधी काय सांगायचे आपल्याला? तू एवढी सही कर बघू." त्यानं एक छापील फॉर्म पुढं केला. "हे माझ्या नावावर करायला लागतात. दिवाळीच्या आधी रेवतीच्या कॉलेजात दोन लाख भरायचेत. फिजिओथेरपीला नंबर लागलाय तिचा."

"आणि हे केवढ्याचे आहेत?"

भालूनं केळ्याचं साल पुन्हा केळ्यावर नीट बसवायचा प्रयत्न केला. "आज भाव दोनशे छत्तीस आहे."

"ते नव्हे. सगळे मिळून."

"सहा लाखाच्या वर जात्यात, अक्का."

मी फॉर्म हातात तसाच धरून बसले.

"आप्पांचं जे काय आहे ते माझं, असं तूच लिहून दिलंयस की," तो हळूच म्हणाला.

दिलं होतं, खरंच. आप्पा जाऊन वर्ष व्हायच्या आत मी हक्कसोड पत्रावर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतातच. घर भावाला जातं, बहिणीला दिवाळीची साडी आणि माहेरचा उंबरा राहतो. तो उंबरा राहावा म्हणूनच सही करायची. आता पुन्हा एक सही केली की उंबरा शाबूत, आणि नाही केली तर दिवाळीला कुठं जायचं ते माझं मी बघायचं. हे सगळं भालू तोंडानं बोलला नाही. तो तसा वाईट नाही. जळालेल्या पंपांच्या मोटारी भरून देण्याचं त्याचं छोटं दुकान, त्यात दोन पोरी, त्याचीही ओढाताणच होती.

"उद्या मी सांगलीला येते," मी म्हटलं. "बँकेतच करू सही."

"अगं, एवढ्यासाठी कशाला हेलपाटा?"

"माझं नाव आहे. बघू तरी दे कुठं कुठं लिहिलंय ते."

दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर मला आप्पांचा राग येत राहिला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण माझा राग जुना होता. लग्नाआधी मी नगरपालिकेच्या बालवाडीत दीड वर्ष शिकवलं. महिना साठ रुपये. पहिल्या तारखेला पाकीट आणून आप्पांच्या हातात द्यायचं, हा नेम. ते हळदीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते, पगार बेताचा. लग्नात माझ्या अंगावर मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपलीकडं सोनं नव्हतं. मी एकदाच विचारलं होतं, "आप्पा, माझा पगार कुठं गेला?" ते म्हणाले, "गेला घरात." बस, एवढंच. एक हजार ऐंशी रुपये. त्या आकड्यावर मी तेहतीस वर्षं रुसून होते.

आणि दुसरा राग त्याहून मोठा. शहाऐंशी साली, मार्च महिन्यात, यांच्या शेडचा मालक दोन जुने माग विकत होता. हप्त्यानं द्यायला तयार होता, फक्त दीड हजार आधी हवे होते. दुसऱ्याच्या मागांना हात लावून लावून यांचे हात काळे झालेले, स्वतःचे दोन माग असते तर दिवस फिरले असते. मी सांगलीला जाऊन आप्पांपुढं बसले. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. आप्पांनी पान लावत लावत सांगितलं, "घरात दमडी नाही, सुनंदा." मी चहाही न घेता उठले. त्यानंतर माहेरी गेले ती दिवाळीपुरती, दोन दिवस, पाहुण्यासारखी.

बँकेचा शेअर विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथं जिरगे नावाचे गृहस्थ बसले होते, निवृत्तीला टेकलेले, कानाच्या पाळीवर केस. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मान वर केली.

"द्वारका तारळेकर? तुम्ही?"

"होय."

"आम्हाला वाटायचं नारायणरावांची आई असणार." ते हसले. "दर वर्षी बँकेच्या सभेला यायचे हो ते. द्वारकाबाईंच्या वतीनं म्हणून मुखत्यारपत्र घेऊन. पुढच्या रांगेत बसायचे, आणि ताळेबंदातली एखादी चूक काढल्याशिवाय जायचे नाहीत. चेअरमनसाहेब टरकून असायचे त्यांना."

हे मला नवीन होतं, भालूलाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"इथं सही करा," जिरगे म्हणाले. "शेअरवर आहे त्या नावाची."

मी पेन घेतलं. द्वारका लिहिताना हात अडखळला. 'द्व' कसा काढायचे मी, वर गाठ मारून की साधा? बालवाडीच्या हजेरीपटावर रोज काढायचे तो, पण आठवेना. शेवटी जमेल तसा काढला.

जिरगे आत गेले आणि एक जाड फाईल घेऊन आले. माझी सही, फाईलमधली सही, पुन्हा माझी सही, असं बराच वेळ त्यांचं चाललं.

"जुळत नाही, बाई."

"म्हणजे?"

त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. तीन अर्ज होते. पहिला त्र्याहत्तर सालचा, बँकेनं शेअर काढले तेव्हाचा. दुसरा एकोणऐंशीचा, तिसरा शहाऐंशीचा. तिन्हींवर खाली सही, द्वारका ना. तारळेकर. अक्षर तिरकं, दर अक्षर पुढच्याला चिकटलेलं. असं अक्षर मी एकाच माणसाचं पाहिलं होतं. आप्पांचं. दिवाणजीचं.

सगळ्यांनी माझं नाव टाकून दिलं होतं, मी स्वतःही. आणि हा माणूस मला तोंडावर सुनंदा म्हणत होता, पण वर्षाच्या सभेला जाताना कागदावर द्वारका लिहीत होता. मरेपर्यंत.

"ही सही कुणाची?" जिरग्यांनी विचारलं.

भालूनं टेबलाखाली माझा कोपर दाबला. मी म्हटलं, "आमच्या वडलांची."

जिरग्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मी ऐकलं नाही. सही काळानुसार बदलली, असं लिहून द्या. तुमच्या खात्याच्या बँकेतून नव्या सहीचा दाखला आणा. आणि द्वारका तारळेकर म्हणजेच सुनंदा हावळ, असं प्रतिज्ञापत्र लागेल. माहेरच्या जवळच्या नातेवाइकाची साक्ष पाहिजे त्यावर."

"म्हणजे माझी," भालू म्हणाला.

"तुम्ही भाऊ ना? मग तुमचीच."

"पण हे शेअर आप्पांच्या इस्टेटीतले ना? अक्कानं हक्कसोड दिलीय."

"नारायणराव इथं शेअरहोल्डर नव्हतेच कधी," जिरगे म्हणाले. "त्यांचा एकही शेअर नाही. पहिल्यापासून हे बाईंचेच. बाईंच्या वस्तूवर वडलांची हक्कसोड कशी चालेल?"

जिरग्यांना आता रंग चढला होता. त्यांनी मोठं रजिस्टर ओढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सांगायला लागले. त्र्याहत्तर साली एकशे आठ शेअर, दहा रुपये दर्शनी. एकोणऐंशीला एकास एक असे आणखी घेतले, पैसे भरून. शहाऐंशीला पुन्हा. पुढं बँक वाढली, तीनदा फुकट शेअर वाटले. असे करत करत एकशे आठाचे दोन हजार पाचशे ब्याण्णव झाले.

"एक शेअर विकला नाही त्यांनी कधी. नाहीतर लोक! जरा भाव चढला की मोकळे. माझेच दोनशे मी स्कूटरसाठी विकले, अजून बायको ऐकवते. पण हे एकशे आठ काय ते आम्हाला कळलं नाही. कुणी पन्नास घेतं, कुणी शंभर. आम्ही म्हणायचो, नारायणरावांनी जपमाळ मोजून शेअर घेतले."

एकशे आठ गुणिले दहा. मला कागद लागला नाही.

साठ रुपयांप्रमाणे अठरा महिने. एकही रुपया घरात गेला नव्हता. मुलीच्या कमाईला हात लावायचा नाही, हे आप्पांचं मत मला माहीत होतं. माझ्या घरी ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. मग माझा पगार ते खातील कसे, हा साधा विचार मला कधी सुचला नव्हता. लग्न झाल्यावरही त्यांनी कुमारी द्वारका लिहिलं होतं, ते मुद्दामच. सुनंदा हावळच्या नावावर असते तर सासरच्यांनी दुसऱ्या महिन्यात विकायला लावले असते. यात शंका नाही, आमच्या सासूबाई तशाच होत्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते पदरानं पुसले. जिरगे खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मी विचारलं, "शहाऐंशीचे पैसे कसे भरले होते?"

"बघतो की." बोट खाली सरकलं. "एकूण दोन हजार एकशे साठ. त्यातले नऊशे साठ साठलेल्या लाभांशातून वळते केलेत. बाकीचे बाराशे रोख. सतरा मार्च."

घरात दमडी नाही, सुनंदा.

मी खुर्चीवरून उठले. पायऱ्या उतरून खाली आले आणि बँकेसमोर रसवंतीच्या बाकावर बसले. भालू मागोमाग आला, त्यानं दोन रस सांगितले. मला त्या वेळी आप्पा समोर हवे होते. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्यासाठी साठवायला, असं त्यांना विचारायचं होतं. मला त्या दिवशी दीड हजार पाहिजे होते, वीस वर्षांनी सहा लाख नको होते. वीस वर्षं आमचे हे शेडमध्ये धूळ खात राहिले. तेवढ्या काळात माझे पैसे वाढले आणि यांची छाती गेली. आणि तरीही त्या फाईलमधलं माझं नाव डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. राग आणि माया एकाच माणसाबद्दल एवढी एकदम मला कधी वाटली नव्हती.

"भालू, तू साक्ष देशील का?" मी विचारलं.

तो ग्लासातला बर्फ हलवत राहिला. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होते? आई नाही, काका नाही. द्वारकाला ओळखणारा तो एकटाच उरला होता.

"अक्का, एक सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "वकिलाला मी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला, बहिणीच्या सहीशिवाय चालणार नाही. नाहीतर मी तुला कळवलंच नसतं."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"केळी आणलीस तेव्हाच."

तो हसला नाही. डोळे मात्र ओले झाले त्याचे. "देतो साक्ष. मला काही नको."

"तुला दोन लाख मिळतील. रेवतीचे भरून टाक."

"अगं, पण…"

"हे बघ. मी एकदा आप्पांपुढं हात पसरून बसले होते. तेव्हा त्यांच्याकडे होते आणि दिले नाहीत. समोरचा अडलेला असताना मला असं बसून राहायचं नाही. दोन लाख रेवतीला आत्याकडून. बाकीचे माझे, त्यात तू बोलायचं नाहीस."

"नाही बोलत," भालू म्हणाला.

त्याच दुपारी आम्ही कोर्टाजवळ नोटरीकडे गेलो. नोटरीनं टाईप केलेला कागद वाचून दाखवला आणि माझ्याकडे बोट करून भालूला विचारलं, "या कोण?" "ही आमची द्वारकाअक्का," तो म्हणाला, आणि सही केली.

पुन्हा जिरग्यांकडे गेलो तेव्हा मी सांगितलं, सगळे विकायचे. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, नारायणरावांनी जन्मभर धरून ठेवलेत. निम्मे तरी ठेवा. ही बँक अजून वाढणार आहे, माझे शब्द लिहून ठेवा."

"वाढू दे की," मी म्हटलं. "आमचं वय पण वाढतंय."

घरी आले तेव्हा हे शेडवरून येऊन पाय धूत होते. सगळं सांगितलं. पगार, सह्या, सहा लाख. सतरा मार्च सांगावं की नाही, हा विचार एसटीत तासभर केला होता. लपवलं असतं तर आप्पांची अब्रू राहिली असती. पण ज्याचे माग गेले त्यालाच न सांगणं मला बरं वाटेना, म्हणून तेही सांगितलं.

हे टॉवेलनं पाय पुसत बसले. मग म्हणाले, "त्या वेळी दिले असते तर…" आणि टॉवेल दोरीवर टाकला.

"तुम्हाला राग नाही येत?"

"आला होता की. वीस वर्षं होता. आता आणि किती दिवस ठेवायचा?"

कागदपत्रांना चार महिने लागले. ऑक्टोबरात पैसे आले. दोन लाख भालूला दिले, बाकी चार लाखांची ठेव ठेवली, महिन्याला व्याज मिळेल अशी. दोघांना पुरेल एवढं व्याज होतं, वर औषधापुरतं उरत होतं. ठेवीची पावती मी यांच्यापुढं ठेवली. शेड सोडा, असं मी म्हटलं नाही. एक्केचाळीस वर्षांची सवय, मी म्हणून सुटणारी नव्हती. यांनी पावती वाचली, उलटून मागची बाजूही वाचली, आणि कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी भाकरी थापत होते. हे आंघोळ करून आले, चुलीजवळ उभे राहिले.

"आज डबा भरू नकोस," ते म्हणाले.

मी वर बघितलं.

"उद्यापण नको."

जिरग्यांचं म्हणणं खरं ठरलं. ती बँक पुढं दुसऱ्या मोठ्या बँकेत गेली, त्या शेअरांचे आज चाळीस लाख झाले असते, असं भालू हिशेब करून सांगतो. मीही कधी कधी पेपरात भावाच्या पानावर बोट फिरवते. खोटं कशाला बोलू, हळहळ वाटते. आप्पा असते तर माझ्याशी बोलले नसते.

पण हे त्यानंतर नऊ वर्षं आणि दोन महिने जगले, आणि तेवढे सगळे दिवस मी त्यांना दुपारचं जेवण गरम, ताटात वाढलं.